श्रीअरविंदांचा हेराक्लायटस : प्रतीकभाषा आणि अनुभव

१

श्रीअरविंदांचे ‘हेराक्लायटस’ हे छोटेखानी पुस्तक त्यांच्या विस्तृत ग्रंथसंभारात काहीसे उपेक्षित राहिले आहे. ‘द लाइफ डिव्हाइन’ अथवा ‘एसेज ऑन द गीता’ यांचे वाचक त्याच्याकडे आनुषंगिक लेखन म्हणून पाहतात. ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक तर ते बहुधा हातीच घेत नाहीत. वस्तुतः तौलनिक तत्त्वज्ञानातील एक मूलभूत प्रश्न या पुस्तकात अतिशय स्पष्टपणे उभा राहिला आहे. एखादा प्राचीन विचारवंत गूढवादी होता किंवा नव्हता, हे ठरविण्याची कसोटी कोणती? त्याने वापरलेली भाषा, की त्या भाषेमागे असलेला अथवा नसलेला अनुभव? या प्रश्नाच्या अनुरोधाने त्या पुस्तकाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुस्तकाचा जन्म एका महाराष्ट्रीय विद्वानाच्या निबंधातून झाला, ही गोष्ट येथे प्रथमच नमूद केली पाहिजे. प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६–१९५७) हे त्या वेळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत असत. त्यांचा हेराक्लायटसवरील सतरा पृष्ठांचा इंग्रजी निबंध श्रीअरविंदांच्या हाती आला. त्याचा परामर्श घेण्याच्या निमित्ताने त्यांनी ‘आर्य’ मासिकात डिसेंबर १९१६ ते जून १९१७ या काळात एक लेखमाला लिहिली. १९४१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आरंभीच श्रीअरविंदांनी रानडे यांच्या विवेचनशैलीची मुक्तकंठाने स्तुती केली असून, केवळ एकदोन अवघड मुद्द्यांवर आपला मतभेद असल्याचे म्हटले आहे. त्या मतभेदांतील पहिला मुद्दा हेराक्लायटसच्या गूढवादाचा आहे आणि पुढील सर्व विवेचनाचा पाया तोच आहे.

दोन्ही पक्षांची पात्रता असाधारण होती. श्रीअरविंदांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात अभिजात भाषांचा अभ्यास करून १८९२ मध्ये ट्रायपॉसच्या पूर्वार्धात प्रथम श्रेणी मिळविली होती. ग्रीक भाषा त्यांना मुळातून अवगत होती. १९०८ च्या जानेवारीत बडोद्यास विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली त्यांना निःशब्द ब्रह्माचा अनुभव आला, आणि १९१० पासून पाँडिचेरी येथे त्यांची साधना अखंड चालू होती. रानडे यांनीही ग्रीक तत्त्वज्ञानाचा सखोल अभ्यास केला होता. शिवाय निंबर्गी परंपरेतील उमदीचे भाऊसाहेब महाराज यांच्याकडून १९०१ सालीच त्यांना नाम मिळाले होते. म्हणजे हा वाद कोरडा बुद्धिवादी आणि भाविक अध्यात्मवादी यांच्यातला नाही. दोन साधकांमधील, आणि दोन विद्वानांमधील, तो वाद आहे. म्हणूनच तो अधिक उद्बोधक ठरतो.

२

एफेससच्या या तत्त्वज्ञाचा काळ इ. स. पू. ५०० च्या आगेमागे मानला जातो. त्याचा ग्रंथ नष्ट झाला असून, उत्तरकालीन लेखकांनी उद्धृत केलेली सव्वाशेच्या आसपास वचने तेवढी उरली आहेत. ही वचने त्रोटक, परस्परविरोधाने भरलेली आणि कोड्यासारखी आहेत. प्राचीनांनीही त्याला दुर्बोध हे विशेषण लावले होते. एडमुंड फ्लायडरर या जर्मन विद्वानाने १८८६ मध्ये ग्रीक रहस्यसंप्रदायांच्या प्रकाशात हेराक्लायटसच्या संपूर्ण तत्त्वज्ञानाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. रानडे यांनी फ्लायडररचे हे मत निश्चयपूर्वक नाकारले. केवळ सूत्रमय लिहिल्याने कोणी गूढवादी ठरत नाही, हे त्यांचे एक कारण. आणि खुद्द हेराक्लायटसनेच रात्री भटकणारे मांत्रिक, डायोनिसस देवतेचे उन्मत्त उपासक आणि रहस्यदीक्षा घेणारे यांच्यावर कठोर टीका केली आहे, ही दुसरी विचारात घेण्याजोगी बाब.

‘महाराष्ट्रातील गूढवाद’ या विषयावरील प्रमाणभूत इंग्रजी ग्रंथ ज्यांनी १९३३ साली लिहिला, त्यांनीच हेराक्लायटसला गूढवाद्यांच्या पंक्तीत बसविण्यास नकार द्यावा, हे वरवर पाहता विस्मयकारक वाटते. परंतु त्या ग्रंथातील भूमिका ध्यानात घेतली म्हणजे या नकाराची संगती लागते. रानडे यांच्या मते ईश्वराचे प्रत्यक्ष, अव्यवहित आणि स्वानुभूत ज्ञान हा गूढवादाचा गाभा होय. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम आणि रामदास यांच्याविषयी लिहिताना संतांच्या स्वतःच्या शब्दांतून त्या अनुभवाची साक्ष काढणे त्यांना शक्य होते. तुकारामांची तळमळ, निराशा आणि अखेरची कृतार्थता यांचा क्रम अभंगांतून मांडता येतो. हेराक्लायटसच्या वचनांत अशी साक्ष कोठेही नाही. आपण स्वतःचा शोध घेतला असे तो एके ठिकाणी सांगतो खरे; पण त्या शोधात त्याला काय गवसले याचे वर्णन तो करीत नाही. तेव्हा रानडे यांचा नकार सहानुभूतीच्या अभावातून आलेला नाही. त्यांची कसोटी कडक आहे आणि ती पुढेही तशीच राहिली.

३

श्रीअरविंदांचे उत्तर या कसोटीला थेट भिडत नाही; ते प्रश्नाची मांडणीच बदलते. फ्लायडररची उपपत्ती अतिशयोक्त आहे, हे त्यांना मान्य आहे. तथापि त्या चुकीच्या मागे काही सत्य दडलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. रहस्यविधींवरील हेराक्लायटसचा रोष हा त्या विधींच्या अवनत रूपावर, म्हणजे जादूटोणा, शारीरिक उन्माद आणि इंद्रियोत्तेजन यांवर आहे. अपोलोच्या प्रकाशाशी निगडित असा एक गूढवाद असतो आणि डायोनिससच्या अंधाऱ्या आवेशाशी निगडित असा दुसरा असतो. तंत्रमार्गात दक्षिण आणि वाम असे भेद असतात, तसेच हे आहेत. हेराक्लायटस हा गूढवाद्यांच्याच कुळात जन्मलेला, परंतु त्या घराशी भांडण मांडून बसलेला मुलगा आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

हे विधान कोणत्या आधारावर केले आहे, हे पाहणे महत्त्वाचे आहे. तो आधार भाषेचा आहे. हेराक्लायटसची वाणी नुसती संक्षिप्त नसून सांकेतिक आहे. अस्तित्वाचे कोडे कोड्याच्याच भाषेत सांगण्याची जी प्राचीन रीत होती, तिचा तो वारस आहे. त्याचा नित्य जिवंत अग्नी हा केवळ भौतिक ज्वाला नव्हे आणि परिवर्तनाचे नुसते रूपकही नव्हे. दोन्ही अर्थ, आणि त्या दोहोंना जोडणारे जे काही असेल ते, एकाच शब्दात त्याने सामावले आहे. येथे श्रीअरविंदांना वेदांतील अग्नीचे स्मरण होते. सर्व वस्तू वळविणाऱ्या वज्राच्या उल्लेखामुळेही त्यांचे लक्ष वैदिक वज्राकडे जाते. कल्पना एकच आहेत असा त्यांचा दावा नाही; नाते आहे, एवढेच ते म्हणतात.

‘आर्य’मधील लेखनाचा क्रम पाहिला असता या वाचनाचे मूळ उमगते. ऑगस्ट १९१४ ते जुलै १९१६ या काळात वेदाच्या रहस्यावरील त्यांची लेखमाला त्याच मासिकात प्रसिद्ध झाली होती. वैदिक सूक्तांतील अग्नी, उषा, गो, अश्व इत्यादी शब्द एकाच वेळी बाह्य आणि आंतर अर्थाने वापरले आहेत, हा तिचा सिद्धांत. ती माला संपल्यानंतर पाचच महिन्यांनी हेराक्लायटसवरील पहिला लेख आला. साहजिकच वेदासाठी सिद्ध केलेली अर्थनिर्णयाची पद्धत त्यांनी ग्रीक वचनांना लावून पाहिली. या दृष्टीने हे पुस्तक म्हणजे त्या पद्धतीची, तिच्या जन्मभूमीबाहेर घेतलेली, एक परीक्षा आहे.

ही परीक्षा कितपत यशस्वी झाली? एका उदाहरणाने ते पाहता येईल. देव मर्त्य आणि माणसे अमर, अशा आशयाचे एक वचन हेराक्लायटसच्या नावावर आहे. त्याचा अर्थ लावणे अशक्य, असे रानडे यांना वाटले. वैदिक ऋषी देवांना उद्देशून मनुष्यवाचक शब्द योजतात याचा दाखला देऊन, मर्त्यामध्ये अमर तत्त्वाचा वास आणि मर्त्य व्यापारात देवांचे अवतरण अशी श्रीअरविंदांनी त्याची फोड केली. फोड सुंदर आहे. परंतु ज्या वचनाला आज बासष्टावा क्रमांक दिला जातो, त्याच्या पूर्ण रूपात देव व माणसे हे शब्दच नाहीत. तेथे अमर्त्य आणि मर्त्य एवढेच शब्द असून, एकाचा मृत्यू तो दुसऱ्याचे जीवन आणि एकाचे जीवन तो दुसऱ्याचा मृत्यू असा उत्तरार्ध त्याला जोडलेला आहे. देव आणि माणसे असा स्पष्ट उल्लेख उत्तरकालीन लेखकांच्या सारांशरूप अवतरणांत येतो. उत्तरार्ध लक्षात घेतला म्हणजे वचनाचा भर अंतर्यामी अमरत्वावर न राहता परस्परविनिमयावर येतो. वैदिक साम्याने वचन अर्थपूर्ण झाले हे खरे, परंतु तो अर्थ मूळ वाक्याच्या अर्ध्या भागालाच पुरतो.

४

श्रीअरविंदांनी लिहिले त्या वेळी उपलब्ध नसलेला काही पुरावा नंतर उजेडात आला आहे. त्यांच्या मताची तपासणी आज त्याच्या साहाय्याने करता येते. काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील ओल्बिया या ग्रीक वसाहतीत १९५१ साली हाडाच्या काही छोट्या पट्ट्या सापडल्या. १९७८ मध्ये त्यांवरील लेख प्रसिद्ध झाले. इ. स. पू. पाचव्या शतकातील या पट्ट्यांवर डायोनिससचे संक्षिप्त नाव असून जीवन व मृत्यू, शांती व युद्ध, सत्य व असत्य अशा विरोधी शब्दांच्या जोड्या कोरल्या आहेत. एकीवर ऑर्फिक संप्रदायाचा निर्देश करणारा शब्दही वाचला गेला आहे. विरोधी पदांची ही जुळणी पाहून हेराक्लायटसची आठवण होणे अपरिहार्य आहे. दुसरा शोध १९६२ चा. थेसालोनिकीजवळ देर्वेनी येथील चितेच्या अवशेषांत अर्धवट जळालेली एक पपायरसची गुंडाळी मिळाली. तिची अधिकृत आवृत्ती २००६ मध्ये निघाली. तीत ऑर्फियसच्या नावावरील एका काव्याचे रूपकात्मक भाष्य आहे आणि ते भाष्य करणारा अज्ञात लेखक सूर्याविषयीच्या हेराक्लायटसच्या वचनांचा नाव घेऊन आधार घेतो.

या शोधांमुळे हेराक्लायटसने दीक्षा घेतली होती असे सिद्ध होत नाही. ओल्बियाच्या पट्ट्या त्याच्या नंतरच्या असण्याचा संभव आहे. तेव्हा त्याचाच प्रभाव संप्रदायावर पडला, असेही कोणी म्हणू शकेल. परंतु रहस्यसंप्रदायांची भाषा आणि हेराक्लायटसची भाषा यांच्यात देवघेव होती, आणि त्याच्या नंतर फार काळ लोटण्यापूर्वीच धार्मिक काव्याचा गूढार्थ सांगणाऱ्याला तो आपला साक्षीदार वाटत होता, एवढे मात्र निश्चित होते. फ्लायडररची सरसकट उपपत्ती यामुळे पुनरुज्जीवित होत नाही, पण घराशी भांडलेल्या मुलाची श्रीअरविंदांची कल्पना अधिक संभाव्य ठरते. घराशी भांडणाऱ्याला घराची बोली येत असते. डेल्फीचा देव स्पष्ट सांगतही नाही आणि लपवूनही ठेवीत नाही, तो खूण देतो, या अर्थाचे हेराक्लायटसचे वचन प्रसिद्ध आहे. अपोलोच्या प्रकाशाशी त्याचे नाते जोडण्यास याहून बळकट आधार शोधण्याची गरज नाही.

५

मध्यवर्ती प्रकरणांत श्रीअरविंद सत् आणि संभूती, एक आणि अनेक, संघर्ष आणि न्याय या प्रश्नांकडे वळतात. हेराक्लायटस म्हणजे प्रवाहाचा तत्त्वज्ञ, त्याच्या मते जगात स्थिर असे काहीच नाही, ही प्लेटोपासून चालत आलेली समजूत त्यांना अपुरी वाटते. सर्वांतून एक आणि एकातून सर्व, असे सांगणाऱ्याला केवळ परिवर्तनवादी म्हणता येणार नाही. त्याचा अग्नी नित्य आहे. बदलते ते त्याचे प्रकट रूप. सोन्याच्या मोबदल्यात माल आणि मालाच्या मोबदल्यात सोने, या व्यवहाराच्या उपमेतही मूल्य टिकून राहते. पुढील काळातील ग्रीक संशोधनाने याच दिशेला पुष्टी दिली. १९५४ मध्ये जी. एस. कर्क यांनी विश्वविषयक वचनांची चिकित्सा करताना अखंड प्रवाहापेक्षा परिवर्तनातील परिमाण व समतोल यांवर भर दिला. श्रीअरविंद त्या निष्कर्षाजवळ वेगळ्या वाटेने पोहोचले होते: वेदान्ताच्या परिचयामुळे सत् आणि संभूती यांतून एकाचीच निवड करण्याची निकड त्यांना भासली नाही.

युद्ध हे सर्वांचे जनक व राजा आहे, या कल्पनेचे त्यांनी केलेले विवेचनही लक्षणीय आहे. मृत्यू म्हणजेच क्षुधा, असे सांगणाऱ्या बृहदारण्यक उपनिषदातील सृष्टिवर्णनाशी ते या कल्पनेची सांगड घालतात. नीत्शेने हेराक्लायटसपासून शक्तीच्या खेळाची कल्पना घेतली. पण नुसत्या शक्तीतून फार तर शक्तींचा समतोल निर्माण होतो, हे ते बजावून सांगतात. ही वाक्ये पहिले महायुद्ध चालू असताना लिहिली गेली, हे विसरता येत नाही. संघर्षाला विश्वाचा नियम म्हणणे एक, आणि त्याला अंतिम शब्द मानणे दुसरे. श्रीअरविंद पहिले विधान स्वीकारतात आणि दुसरे नाकारतात.

६

अखेरच्या प्रकरणात टीकेचा सूर अधिक स्पष्ट होतो. हेराक्लायटसला विश्वातील शक्ती दिसली आणि त्या शक्तीला मार्गदर्शन करणारी प्रज्ञाही दिसली. परंतु तिसरे तत्त्व, म्हणजे आनंद, त्याच्या दृष्टीस पडले नाही, असे श्रीअरविंदांचे म्हणणे आहे. भृगूला अखेर आनंद हेच ब्रह्म असल्याचे ज्ञान झाले, ही तैत्तिरीय उपनिषदातील कथा मराठी वाचकाला परिचित आहे. त्या ज्ञानाची पायरी ग्रीक विचाराने गाठली नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हेराक्लायटसला वैदिक ऋषी बनविल्याचा आरोप या पुस्तकावर कोणी केल्यास त्याला या प्रकरणात उत्तर मिळते. जो समीक्षक साम्याइतकीच उणीव दाखवितो, त्याने दोन परंपरांचा गोपाळकाला केला असे म्हणता येत नाही.

तथापि याच प्रकरणात त्यांच्या पद्धतीची मर्यादाही उघड होते. राज्य बालकाचे आहे, अशा आशयाचे एक वचन हेराक्लायटसचे आहे. येथे तो रहस्याच्या अगदी जवळ जाऊन पोहोचला, असे श्रीअरविंद म्हणतात. हे राज्य आध्यात्मिक असून परिपूर्ण मनुष्य हाच तो दिव्य बालक, असा अर्थ ते लावतात. परमहंसाच्या बालवृत्तीची आणि लीलेच्या कल्पनेची जाण असलेल्या वाचकाला हा अर्थ तत्काळ पटतो. पटण्याची ही सुलभताच सावध करणारी आहे. पूर्ण वचनात बालक कोण, हे सांगितलेले आहे. तो ‘आयॉन’ आहे. या शब्दाचा अर्थ आयुष्य, आयुष्याची मर्यादा किंवा काळ असा होतो. आणि हा बालक पटावर सोंगट्या खेळत आहे. पटावरील खेळाला नियम असतात, त्यात चाल व प्रतिचाल असते, हार व जीत असते. लीलेमध्ये अभिप्रेत असलेला निर्हेतुक आनंद या खेळात आहे किंवा नाही, याविषयी वचन मौन पाळते. काळाच्या हातातील सोंगटी असलेल्या माणसाने हे राज्य मिळवायचे, की केवळ त्याची सत्ता मान्य करायची, हेही तेथे सांगितलेले नाही.

यात भर म्हणजे हे वचन हिप्पोलिटस या तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखकामुळे टिकून राहिले. अमर्त्य-मर्त्यांविषयीचे वर चर्चिलेले वचनही त्याच्याच ग्रंथातून आले आहे. नोएटस नामक धर्मगुरूचे पाखंड हेराक्लायटसपासून निघाले, हे दाखविण्याकरिता हिप्पोलिटसने ही अवतरणे निवडली. पिता, पुत्र आणि विश्वाचा राजा यांच्या ऐक्यासंबंधीचा वाद त्याच्या डोळ्यांपुढे होता. हेराक्लायटसच्या ग्रंथात या वचनांच्या आगेमागे काय होते, ते कळण्यास मार्ग नाही. अशा वचनांवर पूर्ण मानवाचे चित्र उभारले, तर ती चित्रकाराची निर्मिती ठरते. श्रीअरविंदांना याची जाणीव नव्हती असे नाही. हेराक्लायटस रहस्याला पूर्ण स्पर्श करतो असे न म्हणता ते त्याला त्याच्या निकट नेऊन थांबतात. तरीही अर्थनिर्णय कोठे संपला आणि स्वतःच्या दर्शनाची मांडणी कोठे सुरू झाली, ही सीमारेषा त्यांनी आखून दाखविलेली नाही. ती वाचकाला आखावी लागते.

७

या सर्व विवेचनातून मूळ प्रश्नाकडे परत येता येते. रानडे यांची कसोटी अनुभवाची आहे. ती लावली असता हेराक्लायटसविषयी निर्णय देण्याइतका पुरावा शिल्लक नाही, आणि अशा स्थितीत त्याला गूढवादी म्हणण्यास दिलेला नकार योग्यच ठरतो. श्रीअरविंदांची कसोटी भाषेची व परंपरेची आहे. ती लावली असता, हेराक्लायटसची वाणी रहस्यवाद्यांच्या वाणीशी निगडित असल्याचे त्यांचे मत ग्राह्य ठरते, आणि नंतरच्या शोधांनी ते अधिक दृढ केले आहे. दोघांची उत्तरे भिन्न आहेत, कारण दोघांनी भिन्न प्रश्न विचारले. परंतु भाषेच्या साम्यावरून अनुभवाच्या साम्याकडे उडी मारली की पुराव्याची साथ सुटते. बालकाच्या वचनापाशी श्रीअरविंदांचे नेमके तसे झाले आहे.

तौलनिक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला या वादापासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. भारतीय परंपरेच्या परिचयामुळे परकीय वचनातील अर्थाचे काही पदर उलगडतात. केवळ युरोपीय तर्काच्या चौकटीत वावरणाऱ्याला ते दिसण्यास विलंब लागतो. अग्नीच्या द्विविध अर्थाबाबत आणि सत्-संभूतीच्या प्रश्नाबाबत याचा प्रत्यय येतो. त्याच परिचयामुळे, अपुऱ्या वचनात आपल्याला प्रिय असलेला सिद्धांत पूर्णत्वाने वाचण्याचा मोहही उत्पन्न होतो. पहिला लाभ पदरात पाडून घेऊन दुसऱ्यापासून दूर राहावयाचे, तर प्रत्येक वचन त्याच्या पूर्ण रूपात, आणि ते ज्याने जतन केले त्याच्या हेतूसह, वाचणे आवश्यक आहे. रानडे यांचा संयम आणि श्रीअरविंदांची अंतर्दृष्टी ही एकमेकांना पूरक आहेत. हेराक्लायटसच्याच भाषेत बोलावयाचे, तर धनुष्याची दोन टोके विरुद्ध दिशांना ताणलेली असतात म्हणूनच बाण सुटतो. ‘हेराक्लायटस’ हे पुस्तक वाचताना रानडे यांचा निबंध शेजारी असावा, तो याच कारणासाठी.